जपानी खेळ आणि मराठी दप्तर

'अक्षर' म्हणजे जें क्षर पावत नाहीं तें, ही व्युत्पत्ति आपल्या घरांतील मुलांनाहि ठाऊक असते. उच्चारलेला शब्द हवेंत विरून जातो, लिहिलेला टिकतो, या भरंवशावर आपल्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, वंशावळी राखल्या आणि जमाखर्चाचीं दप्तरें बासनांत बांधून ठेविलीं. संगणक घरांत आल्यापासून हा भरंवसा अधिकच वाढला आहे. कारण तेथें कागद पिवळा पडत नाहीं कीं वाळवी लागत नाहीं. परंतु संगणकांतील अक्षरास एक निराळाच रोग होतो. त्या रोगाचें निदान व उपचार समजून घेण्यास सर्वांत सोईचें उदाहरण आपल्या नातवंडांच्या जपानी खेळांत सांपडतें, आणि त्याची झळ मात्र आपल्या मराठी दप्तरास लागते. म्हणून या विषयाचा विचार वडील मंडळींनीं व मुलांनीं एकत्र बसून करावा, असें आम्हांस वाटतें.

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घरांतून जपानी भाषेचा नाद असलेलीं मुलें आतां विरळ नाहींत. कोणी जपानी चित्रमालिका पाहून त्या भाषेकडे वळतो, तर कोणी नोकरीच्या आशेनें जपानी भाषेच्या पांच पायऱ्यांच्या परीक्षेस बसतो. ही परीक्षा मुंबईस आणि पुण्यास होते. अभ्यासाचा शीण घालविण्यासाठीं, किंवा अभ्यास म्हणूनच, हीं मुलें मूळ जपानी खेळ संगणकावर लावतात. त्यांतील कित्येक खेळ वस्तुतः वाचावयाच्या कथाच असतात. कोणता खेळ कोणत्या वयास योग्य, हें ज्याच्या त्याच्या घरानें ठरवावें. तो वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच, कीं असा खेळ इंग्रजी किंवा मराठी योजनेच्या संगणकावर लावला असतां काय होतें.

होतें तें असें. चित्र उमटतें, संगीत वाजतें, परंतु संवादाच्या चौकटींत जपानी अक्षरांऐवजीं स्वल्पविरामांसारख्या खुणा, उच्चारचिन्हें लावलेलीं युरोपीय अक्षरें, प्रश्नचिन्हें यांचा नुसता सडा पडतो. कांहीं खेळ सुरूहि होत नाहींत. 'युमे निक्की', म्हणजे स्वप्नांची रोजनिशी, हा २००४ सालचा प्रसिद्ध विनामूल्य खेळ मूळ स्वरूपांत लावला, तर चित्राची फाइल समोर असतांना ती सांपडत नाहीं अशी तक्रार तो करूं शकतो. कारण त्याच्या फायलींचीं नांवेंच जपानींत आहेत. जपानी लोकांनीं या प्रकारास 'मोजिबाके' असें नांव दिलें आहे. 'मोजि' म्हणजे अक्षर व 'बाके' म्हणजे रूप पालटणें. रूप पालटणाऱ्या भुताखेतांस ते 'बाकेमोनो' म्हणतात. तेव्हां मोजिबाके म्हणजे अक्षराला झालेली भूतबाधाच म्हणावयाची.

या बाधेचें कारण पाहूं. संगणकाला अक्षर ठाऊक नसतें; त्याला केवळ अंक ठाऊक असतात. कोणता अंक म्हणजे कोणतें अक्षर, हें सांगणारें एक कोष्टक असतें, आणि त्या कोष्टकावरून यंत्र पडद्यावर अक्षर काढतें. ही कल्पना आपणांस नवी नाहीं. ज्योतिषाच्या ग्रंथांतील कटपयादि पद्धतींत 'प' म्हणजे १; परंतु आर्यभटानें आपल्या ग्रंथांत जी पद्धति योजिली तींत तोच 'प' म्हणजे २१. ग्रंथकर्त्यानें कोणती पद्धति धरली हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याचें सारें गणित चुकतें. आणि त्यांत ना ग्रंथाचा दोष ना अक्षराचा. उलट, अंकावरून अक्षराकडे यावयाचें झालें तर कटपयादींत १ म्हणजे क, ट, प आणि य असे चार पर्याय निघतात. संगणकांत नेमकी हीच अडचण येते.

इंग्रजीपुरतें हें काम सोपें होतें. १९६३ सालीं अमेरिकेंत 'आस्की' नांवाचें कोष्टक ठरलें, त्यांत अवघीं १२८ स्थानें होतीं. पुढें 'बाइट' हें माप रूढ झालें. त्यांत ० पासून २५५ पर्यंत २५६ अंक मावतात. उरलेल्या १२८ स्थानांत युरोपीय लोकांनीं आपापलीं विशेष अक्षरें बसविलीं. जपानी लोकांची अडचण फार मोठी होती. हिरागाना व काताकाना या त्यांच्या दोन वर्णमाला, आणि शिवाय चिनी वळणाचीं हजारों भावचिन्हें. १९७८ सालीं त्यांनीं जें राष्ट्रीय कोष्टक सिद्ध केलें, त्यांत एकट्या भावचिन्हांची संख्या सहा हजारांच्या वर होती. २५६ खोल्यांच्या चाळींत सहा हजार बिऱ्हाडें कशीं राहावीं? तेव्हां त्यांनीं एकेका अक्षरास दोन दोन बाइटांची जोडी दिली. १९८० नंतर जपानी घरगुती संगणकांवर 'शिफ्ट-जिस' नांवाची जी पद्धति रूढ झाली, ती याच तत्त्वावर आहे.

हिरागानांतील 'का' हें अक्षर घ्या. शिफ्ट-जिसमध्यें त्याची जोडी १३० व १६९ अशी आहे. जपानी कोष्टक घेतलेलें यंत्र ही जोडी पाहून 'का' काढतें. परंतु पश्चिम युरोपचें कोष्टक घेतलेलें यंत्र ते दोन अंक वेगवेगळे वाचतें. त्याच्या कोष्टकांत १३० म्हणजे ओळीच्या तळाशीं बसणारें, स्वल्पविरामासारखें एक अवतरणचिन्ह. आणि १६९ म्हणजे वर्तुळांतील 'सी', जी खूण पुस्तकांच्या आरंभीं स्वामित्वहक्कासाठीं छापतात. हिरागानांतील प्रत्येक अक्षराच्या जोडीचा पहिला अंक १३० हाच असल्यामुळें पडद्यावर एकाआड एक स्वल्पविराम दिसतात. ज्याला हें ठाऊक आहे, त्यास ती ओळ पाहतांच रोग ओळखतां येतो.

फायलींत कोष्टकाचें नांव लिहिलेलें कां नसतें, असें कोणी विचारील. जपानांत, जपानी गिऱ्हाइकासाठीं खेळ करणाऱ्यास तें लिहिण्याचें प्रयोजनच वाटलें नाहीं. घरांत 'दादा आला' म्हटलें कीं कोणता दादा हें सांगावें लागत नाहीं. परगांवच्या माणसास मात्र आडनांवासह सांगावें लागतें. हे खेळ घरच्या माणसांसाठीं बोललेले आहेत, आणि आपण परगांवचे आहोंत.

आतां उपाय. पहिला उपाय सबंध यंत्रास जपानी कोष्टक देण्याचा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील 'रीजन' या भागांत 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह' नांवाचें पान आहे. तेथें 'चेंज सिस्टिम लोकेल' ही कळ दाबून जपानी भाषा निवडावी. त्याच चौकटींत युनिकोडविषयीं 'बीटा' असा शब्द असलेला जो चौकोन दिसतो, तो रिकामा ठेवावा, आणि यंत्र बंद करून पुनः सुरू करावें. पुष्कळांस भीति वाटते कीं आतां सगळा संगणकच जपानी बोलूं लागेल. तसें होत नाहीं. पडद्यावरील सूचना ज्या भाषेंत होत्या त्याच भाषेंत राहतात. हें कोष्टक केवळ युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रामांस लागू होतें. एक चमत्कार मात्र कधीं कधीं दिसतो. फायलींच्या पत्त्यांत जेथें उलटी तिरपी रेघ असते, तेथें 'येन' या जपानी नाण्याची खूण दिसूं लागते; कारण जपानच्या १९६९ सालच्या कोष्टकांत ९२ या अंकाचें स्थान येनला दिलेलें होतें. त्यानें घाबरूं नये. पत्ता तोच असतो.

दुसरा उपाय तेवढ्या एका खेळापुरता. विंडोज एक्सपीच्या काळांत मायक्रोसॉफ्टनेंच 'ॲपलोकेल' नांवाचें साधन दिलें होतें. त्यानंतर 'लोकेल एम्युलेटर' हें विनामूल्य साधन प्रसिद्ध झालें. खेळाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून जपानी योजना निवडली, कीं तो खेळ आपण जपानांतच आहोंत असें समजून चालतो, आणि बाकीच्या यंत्रास त्याची वार्ताहि नसते. ज्या घरांत एकच संगणक सर्वांनीं वापरावयाचा आहे, तेथें हाच उपाय आधीं करून पाहावा. त्याचें कारण पुढें येईलच.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खेळ बहुधा गुंडाळलेल्या 'झिप' फायलींत येतो. ती चुकीच्या कोष्टकाखालीं उलगडली, तर आंतील फायलींचीं नांवें उलगडतांनाच बिघडूं शकतात. मग खेळ जपानी योजनेंत लावूनहि उपयोग होत नाहीं. म्हणून आधीं कोष्टक, मग उलगडणें, आणि शेवटीं खेळ, हा क्रम सोडूं नये. दुसरी गोष्ट लक्षणांची. स्वल्पविराम व युरोपीय अक्षरें दिसलीं, तर कोष्टक चुकलें आहे. रिकामे चौकोन दिसले, तर बहुधा कोष्टक बरोबर असून त्या अक्षरांची आकृति काढणारा फॉन्ट यंत्रांत नाहीं, तो बसवावा. आणि ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या झाल्या, तर एका कोष्टकांतून दुसऱ्यांत जातांना मूळ अंकच गळाले असण्याचा संभव आहे. मग मूळ प्रत शोधण्यावांचून गत्यंतर नाहीं.

'हें परकें काय घरांत आणलें' असें म्हणणाऱ्या वडील मंडळींस येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जपानी मुलें आपले स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमानें शिकतात, आणि व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा लावतात. हा क्रम आपल्या कानास ओळखीचा वाटतो, आणि तो तसा आहेहि. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णविचार तेथवर पोंचला, त्याची ही खूण आहे. ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचें नेत्रोन्मीलन बोधिसेन नांवाच्या भारतीय भिक्षूच्या हस्तें झालें. नवव्या शतकाच्या आरंभीं कूकाइ या आचार्यानें चीनहून मंत्रमार्ग आणला. त्याच्या शिंगोन पंथांत ब्राह्मीपासून निघालेल्या सिद्धम् लिपींतील बीजाक्षरें आजहि लिहिलीं जातात. तेव्हां जपानी वर्णमाला गिरविणारें मूल अगदींच परक्याच्या दारांत गेलें आहे असें नव्हे.

आतां दप्तराकडे वळूं. डोंबिवलींतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत नातवानें दिवाळीच्या सुटींत पहिला उपाय केला व खेळ सुरू केला. दुसऱ्या दिवशीं आजोबांनीं आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताची जुनी फाइल उघडली. ही फाइल साधी, केवळ मजकुराची, पूर्वींच्या एका मराठी फॉन्टांत टंकलिखित केलेली होती. पडद्यावर पाहतात तों मूळ पुरुषाच्या नांवाच्या जागीं चिनी वळणाचीं चिन्हें! वीस वर्षांच्या खटपटीनें गोळा केलेल्या आठ पिढ्या एका रात्रींत परदेशीं गेल्या, असें त्यांस वाटलें, आणि घरांत जो गहजब झाला त्याचें वर्णन करावयास नको. वस्तुतः फायलींतील एकहि अंक बदललेला नव्हता. नातवानें कोष्टक पूर्ववत् केलें आणि आठहि पिढ्या स्वस्थानीं परत आल्या. परंतु तत्पूर्वीं कोणी त्या विकृत रूपांतच फाइल 'सेव्ह' केली असती, तर मात्र हानि कायमची होऊं शकली असती. म्हणून नियम असा, कीं अक्षरें चमत्कारिक दिसलीं तर कांहींएक न लिहितां, कांहींएक न जतन करितां, फाइल मिटवावी आणि मग विचार करावा.

हें कां घडलें, तें समजण्यास मराठीचा संगणकांतील इतिहास पाहावा लागतो. कोष्टकाचा विचार आपल्याकडे झाला नव्हता असें नाहीं. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८० नंतरच्या वर्षांत सुरू झालेलें 'जिस्ट'चें काम, १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. आणि भारतीय लिपींसाठीं 'इस्की' नांवाचें कोष्टक भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलें. देवनागरी, बंगाली, गुजराथी, तामीळ या सर्व लिपींतील 'क' ला त्यांत एकच अंक होता. परंतु छापखान्यांस व टंकलेखनाच्या दुकानांस अक्षर सुबक छापून निघण्याची निकड होती. त्यांनीं निरनिराळ्या कारखान्यांच्या फॉन्टांचा आश्रय केला. या फॉन्टांत यंत्राच्या दृष्टीनें मजकूर युरोपीय अक्षरांचाच असे. त्या अक्षरांवर मराठी अक्षरांच्या तुकड्यांचे मुखवटे चढविलेले असत. मुखवटा काढला कीं आंत निरर्थक रोमन अक्षरें, आणि प्रत्येक कारखान्याचे मुखवटे निराळे! अशा साध्या फायलीवर जपानी कोष्टक चढविलें, कीं १२८ च्या पलीकडील अंकांच्या जोड्या जुळून त्यांचीं भावचिन्हें होतात. आजोबांच्या फायलीचें तेंच झालें.

या फॉन्टांत आणखी एक दोष होता. ते अक्षरें उच्चाराच्या क्रमानें न ठेवितां डोळ्यांस दिसतात त्या क्रमानें ठेवीत. 'किरण' या शब्दांत वेलांटी आधीं व 'क' मागून. 'अर्थ' या शब्दांत 'थ' आधीं व रफार मागून. वस्तुतः उच्चारांत 'क्' आधीं व 'इ' मागून येते, आणि 'र्' आधीं व 'थ' मागून येतो. शिक्षाग्रंथांचा ज्यास परिचय आहे, त्यास हा विपर्यास खटकल्यावांचून राहणार नाहीं.

या सर्व गोंधळावर तोडगा म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारानें, उच्चाराच्या क्रमानें केलेली आहे. युनिकोडांत समाविष्ट झालेल्या प्रत्येक लिपीच्या अक्षरांस स्वतंत्र अंक आहेत. आपला 'क' २३२५, तर हिरागानांतील 'का' १२३६३. दोघांचीं घरें निराळीं असल्यामुळें आजोबांचा कुलवृत्तांत व नातवाचा जपानी पाठ एकाच फायलींत सुखानें नांदूं शकतात. विंडोजमध्यें देवनागरीची अशी सोय २००० सालच्या आवृत्तीपासून झाली; तींतील 'मंगल' हा फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं रेखिलेला आहे. आजचे नवे जपानी खेळहि बहुधा युनिकोडच वापरतात. म्हणून हा त्रास मुख्यतः जुन्या खेळांचा आहे, आणि आपल्याकडे जुन्या दप्तराचा.

खेळ चालला नाहीं तर फार तर एक सुटी फुकट जाईल. दप्तराची गोष्ट तशी नाहीं. १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ठाण्या-डोंबिवलीच्या कित्येक घरांतून कुलवृत्तांत, आत्मचरित्रें, आजीनें सांगितलेलीं गाणीं, सोसायट्यांचे व मंडळांचे वृत्तांत अशाच फॉन्टांत टंकलिखित झाले. टंकलेखनाचें दुकान बंद झालें, फॉन्टाची चकती हरवली, आणि चकती वाचणारें यंत्र भंगारांत गेलें, असें पुष्कळ ठिकाणीं झालें आहे. मोडी लिपीचा अनुभव आपल्या समोर आहे. पणजोबांचे कागद घरांत असतात, पण घरांत ते वाचणारा नसतो. तरी मोडीचा कागद निदान डोळ्यांस दिसतो. जाणकारापुढें ठेवला तर तो वाचून देतो. २०१४ सालीं तर मोडीलाहि युनिकोडांत स्थान मिळालें. मुखवटा हरवलेल्या फायलीस मात्र असा जाणकार मिळणें दिवसेंदिवस कठीण होत जाणार. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. शंभर वर्षांपूर्वीं छापलेलें पुस्तक हातीं घेतलें तर आजहि उघडून वाचतां येतें. आणि घरांतील तीस वर्षांपूर्वींची फाइल वाचतां येत नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तिच्यावर उपाय आहे, आणि तो खर्चाचा नाहीं. प्रथम मूळ फायलीची एक प्रत काढून ती जशीच्या तशी वेगळी ठेवावी. तिला पुनः हात लावूं नये. मजकूर कोणत्या फॉन्टांत आहे त्याचें नांव शोधून कागदावर लिहून ठेवावें, आणि शक्य तर तो फॉन्टहि त्याच प्रतीसोबत ठेवावा. नंतर त्या विशिष्ट फॉन्टावरून युनिकोड करून देणारें साधन वापरावें. एका फॉन्टाचें साधन दुसऱ्यास चालत नाहीं. रूपांतर झाल्यावर मुद्रितें तपासावीं तशी ओळ न् ओळ तपासावी. वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली आहे काय, रफार जागेवर आहे काय, 'तऱ्हा' व 'दुसऱ्या' यांतील अर्धा र टिकला आहे काय, जोडाक्षरें फुटलीं आहेत काय, आणि शक व सनांचे आंकडे बरोबर उतरले आहेत काय, हीं पांच स्थळें मुख्य. शेवटीं एक प्रत कागदावर छापून घ्यावी. कारण कागदास कोष्टक लागत नाहीं.

हें काम करावें कोणीं? आमचें मत असें, कीं ज्या मुलास आपला खेळ चालविण्यासाठीं कोष्टक म्हणजे काय हें शिकावें लागलें, तोच या कामास घरांतील सर्वांत योग्य माणूस आहे. त्याला रोग ठाऊक आहे आणि उपायहि ठाऊक आहे. फक्त त्याची विद्या खेळापुरती न राहतां दप्तराकडे वळविली पाहिजे. परंतु कोण कोणाचा दत्तक, कोणती शाखा कोणत्या गांवीं गेली, 'विसाजी' बरोबर कीं 'विठोजी', हें त्यास ठाऊक नाहीं. तें आजोबांनाच ठाऊक आहे. म्हणून एकानें यंत्र चालवावें व दुसऱ्यानें शेजारीं बसून वाचावें. रोज चार पानें झालीं तरी उन्हाळ्याच्या एका सुटींत दोनशें पानांचा ग्रंथ सुटतो. आणि वाचणारा घरांत आहे तोंवरच हें काम नीट होऊं शकतें, हें दोघांनींहि विसरूं नये.